साठीनंतरचा सारेगम

शाळामास्तर सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याच्यापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखविण्यात ३८ वर्षे गेलेली असतात. स्वतः चुकण्याची सवय मात्र पार मोडलेली असते. नवी विद्या शिकावयाची म्हणजे तर प्रथम पुष्कळ चुकावे लागते, आणि तेही घरातल्या माणसांदेखत. यामुळेच की काय, आमच्या व्यवसायातील बहुतेक मंडळी निवृत्तीनंतर वर्तमानपत्र, देवपूजा आणि शेजाऱ्यास सल्ला या तीन गोष्टींवरच दिवस काढतात. मीही ६६ वर्षांचा होईपर्यंत त्यांतलाच एक होतो. गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या नऊ वर्षांच्या नातीने मला या आळसातून उठविले व वाद्यवादनाचा पहिला धडा दिला. त्या धड्याची, आणि त्या निमित्ताने आमच्या घरातील एका जुन्या गोष्टीची हकीकत वाचकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे घर जुन्नरास, शिवनेरीच्या पायथ्याशी. धाकटा भाऊ, भावजय, मुले, सुना मिळून चौदा-पंधरा माणसांचे एकत्र कुटुंब आहे. थोरला मुलगा तेवढा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. त्याची मुलगी तेथे पियानो शिकते. पियानो म्हणजे खरा पियानो नव्हे. तो विकत घेणे आणि तिसऱ्या मजल्यावर चढविणे या दोन्ही गोष्टी आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरच्या. विजेवर चालणारा, काखोटीस मारून नेण्याजोगा जो कीबोर्ड मिळतो, त्यावर तिचे शिक्षण चालते. सुटीत तो घेऊन ती आजोळी नव्हे, आपल्या स्वतःच्या घरी आली, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी वीज गेली. कीबोर्ड मुका झाला. मुलीचा चेहरा उतरला. तो पाहून मला माळ्यावरच्या पेटीची आठवण झाली.

ही पेटी आमच्या धाकट्या काकांची. ते नारदीय कीर्तन करीत, आणि घोडेगाव, मंचर, ओझर अशा गावी उत्सवास बोलावणे आले म्हणजे पेटीवाला साथीदार बरोबर नेत. काका जाऊन कित्येक वर्षे लोटली. पेटी खाली काढून पाहिली तो भात्याच्या घड्या उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडलेल्या, आणि पट्ट्यांचा रंग हळदुवा झालेला. सुनेने खळ करून भात्यास कापडाची ठिगळे लावली. झाकण उचलताच नात ओरडली, “आजोबा, ही तर माझ्याच पियानोसारखी आहे! आधी दोन काळ्या, मग तीन काळ्या!”

मी आयुष्यभर पेटी पाहिली होती. परंतु काळ्या पट्ट्यांचे दोन-तीन, दोन-तीन असे पुंजके असतात, हे माझ्या कधी ध्यानी आले नव्हते. मुलीच्या डोळ्यांस ते प्रथमदर्शनीच दिसले, कारण पियानोच्या विद्यार्थ्यास पहिला धडा हाच असतो. दोन काळ्यांच्या जोडीलगत डावीकडे जी पांढरी पट्टी, ती ‘सी’. एवढे कळले की सारा पियानो कळला, असे तिने मला समजावून सांगितले. पियानोच्या ८८ पट्ट्या, त्यांतील ५२ पांढऱ्या व ३६ काळ्या. पण बारांचा एकच संसार पुनःपुन्हा मांडलेला. आमच्या पेटीचा विस्तार साडेतीन सप्तकांचा. व्यवस्था मात्र तीच.

व्यवस्था तीच असली तरी ही दोन्ही वाद्ये एका जातीची नव्हेत. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग केले आहेत : तंतूंचे ते तत, कातड्याने मढविलेले ते अवनद्ध, धातूचे आघाताने वाजणारे ते घन, आणि वायूने वाजणारे ते सुषिर. पियानो हे तत वाद्य होय. कारण पट्टी दाबली म्हणजे आत एक हातोडी तारेवर आपटते. इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास ही योजना केली. तीत बोटाच्या जोराप्रमाणे सूर मंद किंवा मोठा काढता येऊ लागला, म्हणून मंद आणि जोरकस या दोन इटालियन शब्दांवरून वाद्याचे नाव पडले. पेटी मात्र सुषिर. भात्यातील वारा पितळेच्या पातळ जिभलीस कापवितो, तोच सूर. पॅरिसमध्ये देबें या गृहस्थाने १८४० च्या सुमारास जी पेटी सिद्ध केली, ती खुर्चीवर बसून पायाने भाता मारण्याची होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताच्या भात्याची, जमिनीवर बसून वाजविण्याची पेटी प्रचारात आणली, आणि मग ती आपल्या बैठकीस अशी मानवली की तिचे विलायती कूळ कोणाच्या स्मरणातही राहिले नाही. विजेचा कीबोर्ड मात्र भरतमुनींच्या चारही वर्गांत बसत नाही. मी ते नातीस सांगितले. ती म्हणाली, “मग पाचवा काढा.”

विद्वानांचा पेटीवर जुना राग आहे, तोही वाचकांपुढे ठेवला पाहिजे. पेटीवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे तिला शक्य नाही. दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. तंबोऱ्याशी जुळणारा जो शुद्ध गंधार, त्याचे षड्जाशी प्रमाण ५ : ४ असे असते. पियानोत व पेटीत सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असल्यामुळे, सप्तकाचे १२०० सूक्ष्म अंश कल्पिले असता त्यांवरील गंधार खऱ्यापेक्षा सुमारे १४ अंशांनी चढा लागतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला, आणि त्यांच्या व क्लेमंट्ससाहेबांच्या खटपटीतून श्रुतींची निराळी पेटीही तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर मोठा खल झाला. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीस आपल्या केंद्रांतून बाहेरच काढले. ही बंदी १९७१ पर्यंत चालली. तथापि त्याच काळात महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. आमच्या काळात गोव्याचे तुळशीदास बोरकर यांनी हीच परंपरा चालविली, आणि २०१६ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. सारांश, आक्षेप खरे आहेत, आणि पेटीही खरी आहे. नवशिक्याने एवढेच पथ्य पाळावे की, सूर आधी गळ्याने म्हणावा व मग पट्टीवर दाबून पाहावा. पेटीवरून गळा शिकविण्याऐवजी गळ्याची परीक्षा पेटीने घ्यावी, म्हणजे कान बिघडत नाही.

आता धड्यांविषयी. नातीच्या पद्धतीत बोटांना अंक असतात : अंगठा १, तर्जनी २, याप्रमाणे करंगळी ५. पाच बोटे पाच लगतच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवावयाची, आणि हात न हलविता चढावयाचे व उतरावयाचे. वाचणाऱ्यास यात काय कठीण, असे वाटेल. माझी चौथी व पाचवी बोटे इतकी वर्षे खडूच्या मागे केवळ शोभेसाठी असल्यामुळे ती स्वतंत्रपणे हलतच ना. अनामिका दाबू गेलो की करंगळी तिच्याबरोबर नम्रतेने वाके. आठवडाभर रोज अर्धा तास घासल्यावर ती वेगळी झाली. पुढचा धडा अंगठ्याचा. पाच बोटांनी आठ सूर वाजवावयाचे तर तिसऱ्या बोटानंतर अंगठा तळहाताखालून सरकवून चौथ्या सुरावर आणावा लागतो. ही युक्ती पियानोस व पेटीस दोन्हीकडे उपयोगी पडते.

त्यानंतर कालमानाचा प्रश्न आला. नातीच्या पुस्तकात पाच ओळींवर काळे-पांढरे ठिपके होते. कोणी शेपटीचे, कोणी बिनशेपटीचे. भरलेला काळा ठिपका एक मात्रा, पोकळ शेपटीवाला दोन मात्रा, असे ती म्हणाली, आणि मला एकदम हसू आले. हे तर लघु आणि गुरू! ज्या मनुष्याने वर्गात हजारो वेळा वृत्तांचे गण पाडले, त्याला यात नवे ते काय? मी तिला मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात वृत्त टाळ्या वाजवून दाखविले : एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा, म्हणजे प्रत्येक गणाच्या पाच मात्रा आणि चरणाच्या वीस. तिने ते लगेच आपल्या ठिपक्यांत लिहून काढले. एकाच ओळीत रामदासी वृत्त आणि विलायती लिपी अशी शेजारी बसलेली पाहून मला जो आनंद झाला, तो शाळातपासणीसाच्या उत्तम शेऱ्यानेही कधी झाला नव्हता.

माझ्याकडून तिला शिकण्यासारखे एकच होते. तिचा ‘सी’ जागचा हलत नाही. आपला षड्ज मात्र गाणाराच्या गळ्याप्रमाणे जागा बदलतो. कोणी पांढरी एकमध्ये गातो, कोणी काळी एकमध्ये, बायकांचे सूर बहुधा काळी चार-पाचच्या घरात जातात. षड्ज हलविला म्हणजे काय होते, याचा एक खेळ आम्ही शोधला. तो ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी आजच करून पाहावा. काळ्या पट्टीस न शिवता पांढरी एकपासून आठ पांढऱ्या पट्ट्या वाजविल्या की बिलावल थाट होतो. त्याच पट्ट्या पांढरी दोनला षड्ज मानून वाजविल्या की काफी, तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. पट्ट्या त्याच; आरंभ बदलला की सुखाचे दुःख आणि सकाळची संध्याकाळ होते. पंडित भातखंड्यांनी सांगितलेल्या दहा थाटांपैकी सहा अशा रीतीने नवशिक्यास पहिल्या महिन्यातच भेटतात. उरलेले भैरव, पूर्वी, मारवा व तोडी यांसाठी मात्र काळ्यांची आराधना करावी लागते.

या विद्येचे लाभ काय, असे कोणी विचारील. बोटांची जडता गेली, हा पहिला. दुसरा लाभ कानाचा. आमच्याच तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या मोठमोठ्या तबकड्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपीत रात्रंदिवस उभ्या आहेत. असे केवळ ऐकत राहणे मला मास्तरकीत कधी जमले नव्हते. आता भावजयीच्या बोलण्यातील सूर चढा आहे की उतरता, हे शब्दांआधी कळते, आणि त्यामुळे घरातील दोन-तीन भांडणे होता होता टळली आहेत. तिसरा लाभ असा की, दिवेलागणीनंतर जो तो आपापल्या फोनमध्ये डोके घालून बसे, तेथे आता अर्धा तास ओसरीवर माणसे जमतात. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यास दीर्घकाळ, अखंडपणा आणि आदर अशी तीन अंगे सांगितली आहेत. माझ्या वयात दीर्घकाळाची हमी देता येत नाही. उरलेली दोन आपल्या हाती आहेत.

इतके लिहून लेख संपविता आला असता. परंतु ती पेटी माळ्यावर का गेली होती, हे सांगितल्याशिवाय तो प्रामाणिक होणार नाही.

मला एक थोरली बहीण आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. १९६७ च्या सुमारास ती चौदा-पंधरा वर्षांची होती व मी नऊ वर्षांचा. काका कीर्तनाची तयारी करीत, तेव्हा ती दाराआड उभी राहून ऐके; आणि दुपारी वडील शाळेत गेले व आई आडवी झाली की पेटी काढून, भाता अगदी हलका मारीत, ऐकलेल्या चाली वाजवी. कोणी शिकविले नव्हते. तरी तिची बोटे चुकत नसत, हे मला आज कळते. वडील स्वभावाने प्रेमळ, पण लौकिकाला फार जपणारे. नारायणगाव आमच्यापासून चार-पाच कोसांवर. तमाशाची ती पंढरी. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाचे आणि विठाबाईंचे नाव त्या काळी साऱ्या महाराष्ट्रात गाजत होते; आणि आमच्यासारख्या घरांत मुलीच्या हाती वाद्य दिसले की, “आता फडावर पाठवायची का?” असे बोलणे ठरलेले असे. ज्या विठाबाईंच्या नावे आज शासन पुरस्कार देते, त्यांचे नाव आम्ही मुलींना भय दाखविण्यासाठी वापरीत होतो, हे लिहिताना मान खाली जाते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी संगीत सभ्य गृहस्थांच्या घरी पोचावे म्हणून १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. त्यास तेव्हा साठाहून अधिक वर्षे होऊन गेली होती. ते आमच्या दारापर्यंत आले, आणि घरातील पुरुषांपाशीच थांबले.

एके दिवशी संध्याकाळी वडिलांना सांगणारा कोणी निघाला. दुसऱ्या दिवशी पेटीस कुलूप लागून ती माळ्यावर गेली. काकांनी दुसरी आणली, ती ते आपल्या साथीदाराकडे ठेवू लागले. दोन-तीन वर्षांनी अक्काचे लग्न झाले आणि ती घोडेगावकडे गेली. पेटीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

तो सांगणारा मी होतो.

गेल्या मे महिन्यात घरी मुंज होती, म्हणून अक्का आली. वय ७३, यजमान जाऊन सहा वर्षे झालेली. दुपारी नातीचा आणि माझा धडा चालला असता ती ओसरीच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काकांची पेटी ना रे ही?”

नातीने सरकून जागा केली. “आत्याआजी, बस ना. तुला येते?”

“येत होते थोडे,” अक्का म्हणाली, आणि पदर सावरून बसली. तिच्या बोटांची पेरे संधिवाताने सुजलेली आहेत. तिने भाता उघडला, तो जोराने नव्हे. त्या जुन्या दुपारच्या सवयीने, अगदी हलका. काकांच्या कीर्तनातील एका आरतीची चाल तिने अर्धी वाजविली आणि पुढे अडली. नातीने तिचा अंगठा हाती धरून तो तळहाताखालून कसा सरकवायचा ते दाखविले. अक्काने ते चार-पाच वेळा करून पाहिले. तेव्हा चाल पुढे गेली.

त्या रात्री अंगणात दोघेच बसलो असता मी तिला म्हणालो, “अक्का, अण्णांना मीच सांगितले होते.”

“मला तेव्हाच ठाऊक होते,” ती म्हणाली. “संध्याकाळी तू मला आपली लिमलेटची गोळी देऊ केलीस. तू कधी कोणाला गोळी दिली होतीस?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून का कुलूप निघणार होते? आणि तुला मार बसला असता.” थोडे थांबून ती म्हणाली, “राग आला होता. पुष्कळ वर्षे होता. सासरी कोणी पेटी वाजवू लागले की मी उठून आत जात असे. आता तो कुठे ठेवू? तू एवढे कर, त्या मुलीला शिकणे मोडायला लावू नका.”

मुंज उरकल्यावर अक्का परत निघाली, तेव्हा पेटी मी तिच्याबरोबर गाडीत ठेवली. ती नको म्हणाली नाही. निघण्यापूर्वी पुण्याहून कारागिराकडून भाता नवा करून आणविला होता, सूर जुळवून घेतले होते. त्यांच्या बाजूस, घोडेगावाच्या पुढे डिंभे-भीमाशंकराकडे, पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की लाकूड फुगून दाबलेली पट्टी वर येत नाही. म्हणून पेटी जमिनीवर न ठेवता उंच फळीवर, जाड कापडात गुंडाळून ठेवावी, आठवड्यातून एकदा तरी उघडून वाजवावी, असे मी तिला बजावले. वाजवावी हे सांगण्याची काही गरज नव्हती. यंदाच्या हरिनाम सप्ताहात तेथील बायकांच्या भजनास तिने दोन दिवस पेटीची साथ केली, असे भाच्याने फोनवर सांगितले. मी स्वतः आता एका जुन्या, पण बऱ्या पेटीवर शिकत आहे, आणि सुटीत नात आली म्हणजे तिच्यापुढे परीक्षेस बसतो. गेल्या परीक्षेत तिने मला शंभरांपैकी ४५ गुण दिले, आणि अनामिकेकडे लक्ष द्यावे असा शेरा तांबड्या पेन्सिलीने लिहिला.

ज्या घरी माळ्यावर एखादी पेटी, तंबोरा किंवा मोडकी सतार पडून असेल, त्या घरच्या कर्त्या माणसांस एक विनंती करावयाची आहे. ती खाली काढा, पुसा, दुरुस्त करा. मुलांना तर शिकवाच. पण घरातील वडीलधाऱ्या बायकांस, तुम्हांला कधी हे शिकावेसे वाटले होते काय, असे एकदा विचारा. उत्तर ऐकण्यास थोडा धीर लागेल.